टिप किती, रांग कुठे? परदेशी निघालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्या देशात किती टक्के टिप द्यायची याचे तक्ते मोबाईलवर ढिगाने सापडतात. ते पाठ करण्यापेक्षा दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात: तिथे वेटरचा पगार मालक देतो की गिऱ्हाईक, आणि तिथली रांग जमिनीवर दिसते की लोकांच्या डोक्यात असते? खालचे बहुतेक प्रश्न या दोनांपैकी एका जागी अडखळल्यामुळेच पडतात.

अमेरिकेत २० टक्के खरंच द्यावे लागतात का?

टेबलावर बसून जेवलात आणि वेटरने आणून वाढलं, तर हो. १८ ते २० टक्के हा चालू दर आहे. १५ दिले तर चालतं, पण हात आखडल्यासारखं दिसतं. कायद्याची सक्ती नाही, पगाराची रचनाच तशी आहे. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी २ डॉलर १३ सेंट दिले तरी पुरतं. हा आकडा १९९१पासून तिथेच आहे. टिप धरूनही ताशी ७.२५ डॉलर झाले नाहीत, तर फरक मालकाने भरायचा असतो. थोडक्यात, मेन्यूकार्डावरच्या किमतीत वाढप्याची मजुरी धरलेलीच नसते.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेव्हाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का ही सात राज्यं याला अपवाद. तिथे मालकाला राज्याचं पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. अपेक्षा मात्र तिथेही १८-२०चीच असते.

जेवण थंड आलं म्हणून टिप कापू नका. चूक स्वयंपाकघराची असते आणि पैसे वेटरचे जातात. मॅनेजरला बोलावून सांगितलं तर बहुतेक वेळा तो पदार्थ बिलातून काढून टाकतात.

कार्डाने पैसे देताना टिप कुठे लिहायची?

आपल्याकडे मशीन टेबलावर येतं आणि पिन टाकला की व्यवहार संपतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अजून जुनी पद्धत आहे. छोट्या फोल्डरमध्ये बिल येतं, त्यात कार्ड ठेवायचं, वेटर ते आत घेऊन जातो आणि दोन पावत्या घेऊन परत येतो. एक दुकानाची, एक तुमची. दुकानाच्या पावतीवर टिपची ओळ रिकामी असते, तिच्याखाली एकूण रकमेची ओळ आणि सहीची जागा.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. जेवण ८४ डॉलर, त्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर ७.४६, बिल ९१.४६. टिप काढायची ती ८४वर, कर धरून नाही. २० टक्के म्हणजे १६.८०, १८ टक्के म्हणजे १५.१२. ओळीवर १६.०० लिहा, खाली एकूण १०७.४६ लिहा, सही करा आणि पावती तिथेच सोडा. न्यूयॉर्ककरांची एक युक्ती आहे: कराचा आकडा दुप्पट करायचा, की जवळजवळ १८ टक्के होतात. कर कमी असलेल्या राज्यात ही युक्ती वापरलीत, तर वेटर मागे वळून बघेल.

इथे तीन चुका हमखास होतात. सही केलेली पावती आपणच खिशात घालून निघतो आणि कोरी मागे राहते, म्हणजे टिप शून्य. दुसरी चूक, टिप रोख ठेवतो पण ओळ रिकामी सोडतो. तिथे 'कॅश' लिहावं किंवा आडवी रेघ मारावी. तिसरी चूक नसून घबराट आहे: बँकेचा पहिला मेसेज ९१.४६चा येतो आणि दोन-तीन दिवसांनी खात्यातून १०७.४६ जातात. फसवणूक झालेली नसते, टिप नंतर चढवली जाते इतकंच. फॉरेक्स कार्डात तेवढी शिल्लक ठेवा.

काउंटरवर कॉफी घेतली तरी टॅबलेट फिरवून २० टक्के मागतात. काय करायचं?

'नो टिप' दाबायचं. तुम्ही उभ्याने घेतलं, स्वतः उचललं, कुणी वाढलं नाही. ते बटण बहुधा खाली, बारीक अक्षरात असतं आणि मागे रांग असते, त्यामुळे बोट आपोआप मोठ्या चौकोनावर पडतं. रोज जाणाऱ्या ठिकाणी एखादा डॉलर टाकला तर छान, पण तो शिरस्ता नाही.

हॉटेल, टॅक्सी, बार?

बारमध्ये पेल्यामागे १ ते २ डॉलर. टॅक्सीला १५ ते २० टक्के. बॅगा खोलीत आणून देणाऱ्याला बॅगेमागे २ डॉलरच्या आसपास. खोली साफ करणाऱ्या बाईंना रात्रीमागे २ ते ५ डॉलर, आणि ते रोजच्या रोज ठेवावेत, कारण रोज तीच व्यक्ती येईल असं नाही. उशीखाली नको, टेबलावर चिठ्ठी लिहून ठेवा. नाहीतर पाहुण्याचे विसरलेले पैसे समजून ती हात लावणार नाही.

बिलात आधीच 'सर्व्हिस चार्ज' लावलेला असेल तर?

मग वेगळी टिप नको. अमेरिकेत सहा किंवा अधिक जणांच्या टेबलाला अनेक ठिकाणी १८ टक्के आपोआप लावतात आणि खाली टिपची ओळ तरीही रिकामी असते. बिल वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

लंडनमध्ये १२.५ टक्के लावण्याची पद्धत आहे आणि शेजारी 'ऐच्छिक' असं लिहिलेलं असतं. तो शब्द खरा आहे. सेवा आवडली नसेल तर काढून द्या म्हणा, वाद न घालता काढतात. १ ऑक्टोबर २०२४पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सगळी टिप कामगारांनाच देण्याचं बंधन मालकावर आलं आहे, म्हणून 'हे पैसे मालकच खातो' ही जुनी सबब आता चालत नाही. पबच्या काउंटरवर बिअर घेतली तर टिप नसते.

सिंगापूरच्या मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली, तर १०० डॉलरवर आधी १० टक्के सेवाशुल्क चढतं, मग त्या ११० वर ९ टक्के जीएसटी: ११९.९०. त्यावर टिप नाही.

भारतात? सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे आणि तो तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ती उचलून धरली. मॅनेजर ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

युरोपच्या बाकीच्या देशांत?

फ्रान्समध्ये सेवा किमतीतच धरलेली असते. जेवण आवडलं तर टेबलावर एक-दोन युरोची नाणी ठेवायची, बस.

जर्मनीत रक्कम वर न्यायची असते, पाच ते दहा टक्क्यांपर्यंत, आणि ती तोंडाने सांगायची असते. बिल २७.४० झालं तर ५०ची नोट देताना 'ड्राइसिश', म्हणजे तीस, म्हणा. वेटर २० परत देईल. कार्ड असेल तर मशीनवर आकडा टाकण्याआधी सांगा. इथे एक मोठा खड्डा आहे. नोट हातात देताना सभ्यपणे 'डांके' म्हणालात, तर 'उरलेले तुम्हालाच' असा अर्थ घेतला जाऊ शकतो. ५०ची नोट देऊन धन्यवाद मानणं महागात पडतं. सुट्टे हातात आल्यावर आभार माना. पैसे टेबलावर ठेवून निघून जायची पद्धत तिथे नाही.

इटलीत बिलावर 'कोपेर्तो' दिसेल, माणशी साधारण दीड ते तीन युरो. ही टिप नाही. पाव, टेबलक्लॉथ आणि बसण्याचे पैसे. पाव खाल्ला नाही म्हणून वजा होत नाहीत. कॉफीच्या बारमध्ये आपला गोंधळ वेगळा असतो: आपण थेट काउंटरशी जाऊन उभे राहतो आणि कुणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः स्टेशनांवर आणि गर्दीच्या जागी, आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची. तीच कॉफी चौकातल्या खुर्चीत बसून प्यायलात तर दुप्पट, तिप्पटही होते. दरफलकावर दोन रकाने असतील तर हेच.

जपानमध्ये टिप दिली तर खरंच अपमान होतो का?

अपमान हा फार मोठा शब्द झाला. गोंधळ होतो. टेबलावर नाणी सोडून निघालात तर वेटर 'तुमचे पैसे राहिले' म्हणत रस्त्यापर्यंत मागे धावत येतो. बिल घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जायचं, पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ताटलीत ठेवायचे. इझाकायामध्ये, म्हणजे तिथल्या पबमध्ये, न मागवलेली एक वाटी समोर येते आणि बिलात ३०० ते ५०० येन लागतात. ते 'ओतोशी', बसण्याचं शुल्क. परत पाठवू नका.

एक अपवाद आहे. र्‍योकान या पारंपरिक निवासात खोलीची देखभाल करणाऱ्या नाकाइ-सानना काही जण 'कोकोरोझुके' देतात: कोऱ्या नोटा, १००० ते ३००० येन, छोट्या पाकिटात घालून, निघताना न देता पहिल्यांदा खोलीत आल्यावर. सक्ती मुळीच नाही. आपलं आहेराचं पाकीट चालेल, फक्त वर चिकटवलेला रुपया काढून.

इजिप्त, तुर्कस्तान इथे 'बक्षीश' म्हणतात ते आपलंच बक्षीस का?

मूळ एकच, फारसी. तुर्कीत 'बाह्शिश', कैरोत 'बक्शीश', आपल्याकडे बक्षीस. आपल्याकडे मात्र शब्दांची वाटणी झाली. शाळेत मिळतं ते बक्षीस, दिवाळीत पोस्टमनला आणि कचरा नेणाऱ्याला देतो ती पोस्त, बिलाच्या बशीत बडीशेपेखाली सरकवतो ती टिप आणि टेबलाखालून जाते ती चिरीमिरी. इजिप्तमध्ये पोस्त आणि टिप या दोन्हींना एकच शब्द पुरतो, चिरीमिरीलाही कधीकधी.

व्यवहार असा: लक्सर किंवा कैरोत सकाळी निघतानाच छोट्या नोटांचं पुडकं वेगळ्या खिशात ठेवा. स्वच्छतागृहाशी बसलेला माणूस, बॅग उचलणारा, चपला सांभाळणारा, सगळ्यांना थोडं थोडं. देवळातला रखवालदार खुणेने बाजूला बोलावून 'इथून फोटो छान येतो' म्हणाला, तर फोटोनंतर हात पुढे येणार हे धरून चाला. नको असेल तर मागे जाऊच नका. गेल्यावर घासाघीस करू नका. मोठी नोट काढून सुट्टे मागू नयेत, ते परत येत नाहीत.

ग्रुप टूरमध्ये टिप कोणाला, किती?

निघण्याआधी लेखी विचारा: ड्रायव्हर आणि स्थानिक गाईडची टिप पॅकेजमध्ये धरली आहे का? काही कंपन्या धरतात, काही पहिल्या दिवशी बसमध्ये माणशी रोख गोळा करतात आणि तिथे कुरकुर सुरू होते. क्रूझवर माणशी रोजचं सेवाशुल्क खोलीच्या खात्यावर आपोआप चढतं. चौघांच्या कुटुंबाचं आठवड्याचं मिळून ते विमानाच्या तिकिटाइतकं वाटू शकतं.

मी रांगेत उभा राहतो, बाकीचे पाच जण काउंटर आल्यावर येतील. चालतं का?

आपल्याकडे यात गैर काही नाही. एकाने नंबर लावायचा आणि बाकीच्यांनी बाकड्यावर टेकायचं हा कुटुंबाचा शहाणपणा समजला जातो. ब्रिटन, जर्मनी, जपानमध्ये मागच्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. त्याने पुढे एक डोकं मोजलेलं असतं आणि अचानक सहा होतात. पासपोर्ट तपासणीला, कॉफीला, राइडला सगळ्यांनी मिळूनच उभं राहा. लहान मुलाला शौचाला नेऊन परत येणं सगळीकडे चालतं, फक्त जाताना मागच्याला सांगा.

दुसरी अडचण अंतराची. आपल्या रांगेत मध्ये फट ठेवली की कुणीतरी शिरतंच, म्हणून आपण पुढच्याच्या पाठीला लागून उभे राहतो. युरोपात हातभर जागा सोडतात आणि ती जागा रिकामी नसते, रांगेचाच भाग असते. शंका आली तर त्या माणसाला 'तुम्ही रांगेत आहात का?' असं विचारा. या एका प्रश्नाने निम्मे अपघात टळतात.

माणसं दिसतात, पण रांग कुठेच दिसत नाही. उभं कुठे राहायचं?

इथे रांग डोक्यात असते. ब्रिटिश पबात सगळे काउंटरला लांबीभर टेकून उभे असतात; कोण आधी आलं हे बारवाला लक्षात ठेवतो आणि गिऱ्हाईकंही. तुमच्याकडे आधी वळला आणि शेजारचा तुमच्या आधीपासून उभा असेल, तर त्याच्याकडे हात करायचा. नोट हलवणं, टकटक करणं याने नंबर मागे जातो.

क्युबात आणि स्पेनच्या बाजारात आल्याआल्या विचारतात, 'एल उल्तिमो?' म्हणजे शेवटचा कोण. कुणीतरी हात वर करतं. आता शेवटचे तुम्ही. पुढचा येऊन विचारेपर्यंत ही जबाबदारी तुमची, मग खुशाल सावलीत बसा. क्युबात जाणते लोक आणखी एक विचारून घेतात: 'आणि तुम्ही कोणाच्या मागे?' कारण पुढचा कंटाळून निघून गेला तर साखळी तुटते. आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात 'शेवटचा नंबर कोणाचा?' विचारतात तीच ही पद्धत, फक्त पूर्ण शहरभर.

पिशवी किंवा रुमाल ठेवून जागा धरता येते का?

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, येते. टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवलेलं दिसलं, तर ते विसरलेलं नाही, टेबल घेतलेलं आहे. याला 'चोप' करणं म्हणतात. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. नाही ठेवला तर सप्टेंबर २०२१पासून पहिल्यांदा लेखी ताकीद आणि पुढे दंड.

विम्बल्डनमध्ये अजिबात येत नाही. तिथे रांगेत शिरताना तारीख आणि क्रमांक असलेलं कार्ड मिळतं, ते दुसऱ्याला देता येत नाही, मित्रासाठी जागा राखता येत नाही. खाण्यापिण्याला किंवा शौचाला गेलात तर अर्ध्या तासात परत यायचं. रात्री तंबू ठोकता येतो, तोही जास्तीत जास्त दोघांचा. सप्टेंबर २०२२मध्ये राणी एलिझाबेथच्या अंत्यदर्शनाला अशाच तत्त्वावर मनगटी पट्ट्या दिल्या होत्या. त्या रांगेत डेव्हिड बेकहॅमही १२ तासांहून जास्त उभा होता.

सरकत्या जिन्यावर कोणत्या बाजूला उभं राहायचं?

लंडनमध्ये उजवीकडे. टोकियोत डावीकडे, ओसाकात उजवीकडे. सायतामा प्रांताने २०२१मध्ये आणि नागोया शहराने २०२३मध्ये जिन्यावर चालण्याऐवजी उभं राहण्याचाच नियम केला. शंका असेल तर पुढच्याकडे बघा.

चीनमध्ये रांग पाळत नाहीत असं ऐकलंय.

ते जुनं झालं. २००८च्या ऑलिम्पिकच्या तयारीत बीजिंगने २००७पासून दर महिन्याची ११ तारीख 'रांगेचा दिवस' ठरवली होती. आकड्यातले दोन एक म्हणजे एकामागे एक उभी दोन माणसं. मेट्रोत आता फलाटावर खुणा असतात. टिपची प्रथा मात्र तिथे नाही.

मी उभा राहतो तीच रांग नेमकी का अडकते?

तीन काउंटर आणि तीन रांगा असतील, तर तुमची सर्वांत वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोनदा शेजारची कुठलीतरी पुढे जाणारच. नशिबाचा काही संबंध नाही. यावर उपाय म्हणजे सापासारखी वळणारी एकच रांग आणि तिच्या तोंडाशी सगळे काउंटर: एका गिऱ्हाइकाने वेळ खाल्ला तरी त्याचा भार सगळ्यांत विभागला जातो. या गणिताचा पाया १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग यांनी घातला. बँक, विमानतळावर ही एकच रांग दिसते. भाजीवाल्याकडे तिची अपेक्षा ठेवू नका.

परदेशातून आलेल्या पाहुण्याला मुंबईत काय सांगून ठेवू?

टिपचं सोपं आहे. उडप्याकडे दहा-वीस रुपये बशीत, मोठ्या रेस्टॉरंटात पाच ते दहा टक्के, रिक्षा-टॅक्सीला मीटरप्रमाणे आणि वर झालेले एक-दोन रुपये सोडून द्यायचे. लालबागला किंवा पंढरपूरला नेणार असाल तर कुठल्या रांगेत शिरतोय ते आधी ठरवा. लालबागला नवसाची वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. पंढरपुरात पायांवर डोकं ठेवायचं तर पददर्शनाची बारी, आणि आषाढीला तिचे तास मोजत बसू नये.

लोकलचं मात्र समजावून द्यावं लागतं. डब्यात रांग दिसत नाही, पण असते. बसलेल्याला 'कुठे उतरणार?' असं विचारायचं. तो 'घाटकोपर' म्हणाला की ती जागा तुमची. नंतर आलेल्याने विचारलं तर तोच सांगेल, 'यांनी सांगितलंय.' तिघांच्या बाकावर चौथ्याने 'जरा सरका' म्हटलं तर सरकायचं, चौथी सीट अर्धीच असते. उतरण्याची रांग वेगळी: एक स्टेशन आधी पुढच्याच्या खांद्याला हलकं बोट लावून 'दादर?' विचारायचं. तो 'हो' म्हणाला तर त्याच्या मागे राहायचं, 'नाही' म्हणाला तर जागांची अदलाबदल करायची. पाठीवरची बॅग पोटाशी घ्यायला सांगा, आणि फलाट कोणत्या बाजूला येतो ते आधीच विचारून ठेवायला.